चालू वही, स्थिर वही

बुधवारी दुपारी दादा क्रांती चौकात झेरॉक्स काढायला गेला. चार वाजता दवाखान्यातून फोन आला, तो गेल्याचा. सहा वाजता आम्ही त्याला घरी आणलं.

दादा माझा थोरला भाऊ. तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा, मी शाळेत मराठी. निवृत्तीनंतर घरात आम्ही दोघंच. झेरॉक्स त्याच्या लेखाची होती. फिजी आणि मॉरिशस या दोन बेटांच्या उत्पादनाची काही दशकांची तुलना त्यात होती. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे आपल्याकडून नेलेले मजूर, मग वाटा वेगळ्या कशा झाल्या, हा प्रश्न त्याला नोकरीत असल्यापासून सोडत नव्हता.

"पैठणच्या पलीकडं कधी गेला नाहीस आणि बेटांवर लिहितोस," मी म्हणायचे.

"तिथं जाऊन समुद्रच दिसंल. उत्पादन कागदावरच दिसतं."

दादाच्या तेराव्यानंतर, त्यानं लेख पाठवला होता त्या मासिकाच्या संपादकांचा फोन आला. लेख पुढच्या अंकात दादाच्या फोटोसह घेणार होते. प्रुफं नजरेखालून घाला म्हणाले. मी ऱ्हस्वदीर्घ बघत होते. 'मॉरिशसने झेप घेतली' या वाक्यापाशी थांबले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेतली झेप, भरारी दादा खोडायचा आणि शेजारी लिहायचा, 'किती ते सांगा, उडू नका.' त्यानं हा शब्द कसा लिहिला म्हणून मी त्याच्या वह्या काढल्या.

प्रत्येक देशाच्या दोन वह्या होत्या. एकीवर 'चालू', दुसरीवर 'स्थिर'. चालू म्हणजे त्या त्या वर्षीच्या किमतींनी मोजलेलं उत्पादन. स्थिर म्हणजे एकाच वर्षाच्या किमती धरून, महागाई वगळून मोजलेलं. तुलना करायची तर दोन्ही देश एकाच मापानं घ्यायला हवेत. हे मला आता कळतं. दादाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आकडे मी वाचले आणि तक्ताही मीच लिहिला. फिजीची स्थिर वही त्यानं हातात दिली होती. ती संपल्यावर मी विचारलं, "मॉरिशसची कोणती घेऊ?"

"चालूय तीच घे की."

जे चालू आहे तेच पुढं ने, म्हणजे स्थिरच घे, असं तो म्हणत होता. मी 'चालू' लिहिलेली वही उघडली.

महागाई वगळलेली फिजी आणि महागाईसकट मॉरिशस. रेषा उभी चढणारच. दादानं डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर माझा तक्ता समोर ठेवून झेपेची कारणं लिहिली, पानंच्या पानं.

त्या दिवशी मला एका जागी बसवेना. नळाला पाणी आलं होतं. टाकी भरून वाहायला लागली, शेजारच्या वहिनींनी हाक मारली तेव्हा कळलं. फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग योग्य वहीतून तक्ता केला, दोनदा तपासला. मॉरिशस पुढंच होता, पण झेप नव्हती. वर्षावर्षानं सरकलेली रेषा होती. तिची कारणं वेगळी असणार. ती मला येत नाहीत.

संपादकांना सांगितलं.

"ताई, शेवटी मॉरिशस पुढं आहे ना?"

"आहे."

"मग झालं की. एवढं कोण बघतंय? श्रद्धांजली म्हणून जाऊ द्या."

"बघते," म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवस वह्या उचलत राहिले, ठेवत राहिले. छापलं तर दादाच्या नावावर 'झेप' हा शब्द कायमचा राहणार होता, आणि तो खोडायला दादा नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन केला.

"तक्ता माझ्या हातचा आहे, चूक माझी आहे. तक्ता आणि त्यापुढचं काही छापू नका."

"अहो, मग लेखात ठेवायचं काय?"

लेखाची पहिली दोन पानं उरली आहेत. त्यांत ऊस आहे, बंदरं आहेत, मजुरांची जहाजं आहेत. आकडा एकही नाही. तेवढी छापायला दिली आहेत.