एकोणतीस नंबरची बाटली

वस्तीतल्या आया तिला वजनबाई म्हणायच्या. खरं तर ती परिचारिका. पण रुग्णालयात तान्ह्या बाळांच्या दूध ओकण्यावर अभ्यास सुरू झाला, तेव्हापासून खांद्याला वजनकाटा अडकवून ती घरोघर हिंडायची. बाळानं किती वेळा दूध काढलं, किती रडलं, हे आयांकडून लिहून घ्यायची आणि नंबर घातलेली बाटली हातात ठेवायची. कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्यात नुसतं गोड पाणी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. संमतीची सही घेताना ती तसं स्पष्ट सांगायची. पण खांद्यावर पोर भडाभडा ओकत असताना कुणाचं लक्ष असणार?

मनातून मात्र तिला वाटायचं, आपल्याला बरोबर कळतं. एकोणतीस नंबरात औषधच, यावर ती पैज लावायला तयार होती. ती बाटली शिवणकाम करणाऱ्या एका आईकडे गेली होती. ओकून ओकून दिवसाला दहा दुपटी भिजवणारं तिचं लेकरू तीन महिन्यांत कसं गुटगुटीत झालं होतं!

अभ्यास संपला. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी यादी उघडून तिच्यापुढे सरकवली. एकोणतीस : गोड पाणी.

"काहीतरी चुकलंय," ती म्हणाली.

"चुकलं नाही. दोन्हीकडची बाळं जवळजवळ सारखीच सुधारली. महिने सरले, तसं बहुतेकांचं आपोआप थांबलं."

"मग आपण दीड वर्ष केलं काय?"

"हेच तर शोधलं," डॉक्टरबाई हसल्या. वजनबाईला हसावं की रडावं कळेना. दीड वर्ष ती ज्या डोळ्यांवर विसंबली होती, त्यांनीच तिला तोंडघशी पाडलं होतं.

आयांना निकाल सांगायचं काम तिच्याच गळ्यात आलं. ती शिवणवालीकडे गेली, तर तिनं मशीन न थांबवताच विचारलं, "ताई, ते औषध आणखी मिळेल का हो?"

"ते औषध नव्हतंच गं. साखरेचं पाणी होतं."

पायडलवरचा पाय थांबला. आता ही आपल्याला फैलावर घेणार, म्हणून वजनबाई अंग चोरून उभी राहिली. पण शिवणवालीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग बहिणीच्या बाळाला मी काय पाजलं?"

उरलेली बाटली तिनं गुपचूप बहिणीला दिली होती. ते बाळ जेमतेम महिन्याचं.

"तेही ओकतं?"

"ओकतं कसलं, पिचकारीच उडते! आणि लगेच भुकेनं टाहो फोडतं. आठ दिवस झाले, पण गुण नाही."

वजनबाईनं पुढचं ऐकलंच नाही. बहीण मागच्याच गल्लीत राहायची. बाळाला काट्यावर ठेवलं. आकडा जन्मवेळेपेक्षा कमी आला. तिनं दुसऱ्यांदा ठेवून पाहिलं. तोच आकडा. तशीच ती बाळाला नि दोघी बहिणींना रिक्षात घालून रुग्णालयात गेली.

जठरातून आतड्याकडे जाणारी वाट स्नायू जाड होऊन बंद झाली होती. सलाइन लावून अंगातलं कमी झालेलं पाणी भरून काढलं आणि दुसऱ्या दिवशी छोटं ऑपरेशन झालं. "अजून चार दिवस गेले असते, तर कठीण होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वॉर्डबाहेरच्या बाकावर शिवणवालीनं विचारलं, "माझं बाळ मग कशानं बरं झालं हो?"

"वाढलं म्हणून, असं डॉक्टरबाई म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मला कुठे काय कळतंय! पाण्यानं बरं झालं म्हणू, तर हे बहिणीचं बाळ बघ. नाही म्हणू, तर त्याच बाटलीवर मी पैज लावणार होते."

संध्याकाळी बाळाला चमचाभर दूध दिलं. तिघी श्वास रोखून बघत राहिल्या. ओठांच्या कोपऱ्यातून एक ओघळ आला, तशी बहीण किंचाळली.

"ऑपरेशननंतर एवढं चालतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वजनबाईनं ओघळ पुसला, सवयीनं अभ्यासाची वही उघडली, लिहायला पेन टेकवलं आणि याला ओकणं म्हणावं की नाही, या विचारात ती तशीच थांबली.