झांबियासाठी घेतलेले तास

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात, विणकरांच्या वस्तीतल्या एका मराठी शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवत होतो आणि मनातून कुढत होतो. आयुष्य असंच खडू झिजवण्यात जाणार, असं वाटायचं. झांबियात मास्तर हवेत असं कळलं, तसा अर्ज केला. मुलाखतीत इंग्रजीतून धडा घेऊन दाखवायचा होता आणि माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. सदर भागातल्या एका इंग्रजीच्या क्लासला जाऊन पाहिलं. पण सराव करायचा तर समोर ऐकणारं कुणी हवं ना? ऐकणारा अख्खा वर्ग माझ्याकडे होता.

दिवाळीनंतर मी दहावीचे तास इंग्रजीतून घ्यायला लागलो. पुढे कॉलेजात कामी येईल, असं पोरांना सांगितलं. पोरं गप्प बसायची. व्हरांड्यातून जाताना मुख्याध्यापक ती शांतता पाहून खूश व्हायचे. माझ्या अर्जाचं ठाऊक असलेले गणिताचे मास्तर तेवढे एकदा म्हणाले, "काय गा, आफ्रिकेतल्या पोरायले इथूनच शिकवून राहिला का?" मी हसून विषय बदलला.

एक मुलगी मात्र सारखा हात वर करायची. घरी हातमाग होते. पास झालीस तर शीक, नाही तर मागावर बस, असं बापानं बजावलेलं. तिनंच मला सांगितलं होतं. भिंगांचा धडा चालू असताना ती उभी राहिली.

"सर, मराठीत सांगा ना. काहीच समजून नाही राहिलं."

महत्प्रयासानं जुळवलेलं माझं वाक्य तुटलं. मी वर्गाकडे वळलो. "हिलाच काहून समजत नाही? तुम्हाला समजतं ना?"

"हो सर," सगळे एका सुरात म्हणाले.

त्यानंतर तिनं हात वर केला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

मुलाखतीत मी भिंगांचाच धडा घेतला. निवड झाली नाही. जूनमध्ये निकाल लागला, तर निम्मा वर्ग विज्ञानात नापास. तिचा फक्त विज्ञान विषय गेला होता.

बाप तिला घेऊन शाळेत आला. मुख्याध्यापक शेजारीच बसले होते. असं झालंच कसं, हे ते सकाळपासून मला विचारत होते.

"सर, ऑक्टोबरले बसवू का इले पुन्हा? तुमी म्हणान तसं. हाये का डोकं पोरीले?"

डोकं आहे म्हटलं, तर मग नापास का झाली, हा प्रश्न येणार होता. ती माझ्याकडेच बघत होती. तास कसे झाले हे तिनं आता सांगितलं तर?

मी म्हणालो, "विज्ञान तिला झेपणार नाही. उगाच वर्ष घालवू नका."

"बरं झालं सर, साफ सांगितलं," बाप म्हणाला आणि उठला. "चाल वं."