देव्हाऱ्यातली कॅसेट

गौरम्माची अर्धी ज्वारी पाखडून झाली होती, अर्धी अजून परातीत होती, तेवढ्यात दारातून "मावशी" अशी हाक आली. सूप मांडीवर तसंच ठेवून तिनं मान वळवली. खांद्याला पिशवी अडकवलेला पस्तिशीचा माणूस उभा होता.

"मी महांतेश. नांदेडहून आलोय. संगप्पाअण्णांसंगं डफ वाजवायचो."

हा येणार हे तिला ठाऊक होतं. त्यानं तीनदा फोन केला होता. एकदा तिनं सोमवारचा उपास सांगितला, एकदा पाहुणे, एकदा नुसतंच "मग बघू". आता तो लातूरला येऊन दारातच उभा राहिला म्हटल्यावर पुढं काय सांगणार?

संगप्पा तिचा थोरला भाऊ, देगलूरचा. चाळीस वर्षं गावोगाव हिंडून गायला. मजुरीसाठी, पाण्यासाठी, मापात मारणाऱ्यांच्या विरोधात. गेल्या पौषात गेला. आता त्याचे सोबती त्याची गाणी एकत्र करून अल्बम काढत होते. कुणाच्या मोबाइलमधून, कुणाच्या जुन्या ट्रंकेतून सतरा गाणी हाती लागली होती.

"अठरावं तुमच्याकडं हाय," महांतेश म्हणाला. "अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, बाकी सगळं हरवू दे, डाळीचं गाणं माझ्या गौरीच्या देव्हाऱ्यात हाय."

ते गाणं ह्याच घरात, स्वयंपाकघरात भरलं होतं. अठ्ठावीस वर्षं झाली. गौरम्माचा नवरा बसवंत तेव्हा एका डाळमिलमध्ये मुनीम होता. तो कामावर गेल्यावर एका दुपारी संगप्पा मिलमधल्या तीन बायांना घेऊन आला. चुलीपाशी बसून त्यांनी गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं आणि टेपचं बटण गौरम्मानंच दाबलं.

डाळ जाते पेठेला, चुनी जाते गोठ्याला,
चाळणारीच्या ताटामधी काय येतं वाट्याला?

जाताना संगप्पानं कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "आता हिला कुणी पुसत न्हाई, गौरे," असं म्हणून त्यानं ती तिच्या हातात दिली होती.

आठवड्याभरात ते गाणं मिलच्या फाटकावर घुमलं. बायांनी काम थांबवलं. मालकानं बसवंतला बोलावून एवढंच विचारलं, "गाणारा तुमचा मेहुणा ना?" बसवंत घरी येऊन जेवला नाही. श्रावण सुरू झाला होता. मठात स्वामीजींचं प्रवचन होतं आणि गौरम्माला ते भरून घ्यायचं होतं. घरात कोऱ्या दोन कॅसेट होत्या. तरी तिनं गाण्याचीच कॅसेट उचलली, मोडलेल्या जागी खळ लावून कागद चिकटवला आणि मठात जाऊन टेप सुरू केला.

पुढं संगप्पानं विचारलं, "जपून ठेवलीस ना?"

"हाव अण्णा, देव्हाऱ्यात ठेवलीय."

त्यात खोटं कुठं होतं? स्वामीजींची वाणी देव्हाऱ्यातच ठेवतात. पण त्या दिवसापासून रोज सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं की तिची नजर त्या कॅसेटवर जायची, आणि मंत्र म्हणता म्हणता मध्येच तुटायचा. विभूती लावून कपाळ पांढरं होतं, मनाचं काय?

तिनं देव्हाऱ्यातून कॅसेट आणून महांतेशच्या पुढ्यात ठेवली. त्यानं पिशवीतून टेप काढला आणि लावला. स्वामीजींचा धीरगंभीर आवाज आला. महांतेशनं थोडी पुढं सरकवली. स्वामीजी. आणखी पुढं. स्वामीजीच.

"लई साफ भरलंय प्रवचन," तो म्हणाला.

गौरम्मा खाली बघत राहिली. प्रवचन संपलं, खरखर झाली आणि एकाएकी डफ वाजला. संगप्पाचा आवाज, मागून एका बाईचा खणखणीत सूर, एक ओळ, आणि हशा. मग संगप्पा म्हणाला, "बंद कर गौरे, दूध उतू चाललंय." टेप खटकन थांबला.

महांतेशनं उपरण्यानं डोळे पुसले. मग स्वतःच तिची समजूत घालू लागला, "चुकून झालं असंल, मावशी. जुन्या कॅसेटींचं असंच व्हतंय."

बाजेवर पेपर धरून बसलेला बसवंत लगेच म्हणाला, "चुकूनच की! तिला काय कळतंय त्यातलं?"

फक्त 'हाव' म्हणायचं होतं. पाहुणा चहा पिऊन निघून गेला असता.

"चुकून न्हाई," गौरम्मा म्हणाली. तिनं कॅसेट उलटी करून पिवळा पडलेला कागद नखानं उचकटला. "हे बघ. अण्णानं मोडलेलं मी बुजवलं. ह्यांची नोकरी जाईल म्हणून भ्यायले. वरून देवाचं नाव पुढं केलं."

"आमची नोकरी कशाला काढतीस आता पाहुण्यापुढं?" बसवंत पुटपुटला.

"भीती माझी व्हती. तुमी पुस म्हणला नव्हता."

महांतेशनं टेप पिशवीत घातला. गौरम्मा चहा ठेवायला उठली, तर तो म्हणाला, "चहा नको, मावशी." मराठवाड्यात दारी आलेला माणूस चहाला नको म्हणतो, तेव्हा त्याला आणखी काही बोलावं लागत नाही. "सतरा गाण्यांवरच भागवू. शेवटच्या तुकड्यासाठी कॅसेट तेवढी घेऊन जातो."

"जरा थांब की," ती म्हणाली. "मागं जी बाई गायली ना, ती सुकन्या. इथल्या लातूरजवळच्या मुरुडची. निम्म्या ओळी तिनंच जोडल्यात, सगळं गाणं येतंय तिला. ती हाय अजून."

बसवंतनं पेपर खाली ठेवला. "तिला मिलमधून काढलं, तेव्हा तू तिच्या दारात गेलीस का कधी? आता कोणत्या तोंडानं जाणार?"

"ह्याच तोंडानं. दुसरं कुठून आणू?"

महांतेश उंबऱ्यापाशी अडखळला. "मी संगं येऊ?"

"नको. आधी मी एकटी जाते. तिनं दार लावलं तर ते माझ्या तोंडावर लागू दे. उघडलं, तर तुला फोन करते."

तो मान हलवून निघाला. त्यानं माफ केलं की नाही हे तिनं विचारलं नाही. माफी देणं त्याच्या हातात नव्हतंच.

उद्या सकाळी पूजा आटपून सातच्या एसटीनं मुरुडला जायचं. सुकन्याला आधी सगळं खरं सांगायचं, मग गाणं मागायचं.