थोरल्याचा मांडव

मैदानावरच्या संगीत महोत्सवाचं पहिलं व्यासपीठ दोघा भावांनी उभारलं. तेव्हा होती चार बाकं, एक ताडपत्री आणि मूठभर श्रोते. गाणारे स्वतःच सतरंजी झटकून बसायचे. पुढे महोत्सव फोफावला, लांबून गाड्या भरून माणसं येऊ लागली, तरी मांडव या भावांचाच. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत. थोरला कामाला वाघ, पण गाण्याच्या बाबतीत शुद्ध दगड. धाकटा खांबावर चढूनही गुणगुणायचा. "तोंड आवर, गाठ आवळ!" थोरला खालून ओरडायचा.

एका वर्षी ऐन कार्यक्रमाच्या दुपारी वारा सुटला. दिव्यांचा मनोरा डुलायला लागला म्हणून धाकटा वर चढला आणि मनोऱ्यासकट खाली आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी आयोजकांनी दोन मिनिटं शांतता पाळली आणि गाणं सुरू केलं. एवढी आलेली माणसं परत कशी पाठवणार? त्या टाळ्या थोरल्यानं दवाखान्याच्या पायरीवर बसून ऐकल्या.

काम त्यानं सोडलं नाही. पोट होतं, भावजय पदरात होती. पण मांडव उभा राहिला की तो घरी जाऊन दार लावून घ्यायचा. भावजय मात्र दरवर्षी पहिल्या रांगेत बसायची. थोरल्याला ते खुपायचं. एकदा न राहवून बोललाच, "त्याचा जीव घेतला त्या जागी बसवतं तरी कसं गं तुला?"

ती भांडी पुसत होती. "तुम्हाला तिथे ते पडलेले दिसतात, भावजी. मला गाणं ऐकत बसलेले दिसतात. वर्षातून एकदा तरी भेटतात."

पुढे महोत्सव बंदिस्त सभागृहात हलवायचं ठरलं. मैदानावरच्या शेवटच्या वर्षी थोरला घरी गेला नाही. भावजयीशेजारी अवघडून बसला.

"टाळी कधी वाजवायची ते सांग," तो कुजबुजला.

तिनं सांगितलं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "दिसतो का गं?"

"आज नाही," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

सभागृहात व्यासपीठ कायमचं, सिमेंटचं. उद्घाटनाला दोघांना मानाच्या खुर्च्या राखल्या होत्या. कोणीच गेलं नाही. त्या संध्याकाळी भावजयीनं नेहमीसारखी भाजी फोडणीला टाकली, आणि जेवताना दोघं एरवीपेक्षा जरा जास्तच बोलत राहिले.