भाओजींचं एका पंख्याचं विमान

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाओजी, घरात शिरले की चपला काढायच्या आधीच विचारायचे, "बाबा कुठंयत?" दार उघडायला मीच उभा असायचो, पण माझ्याकडे बघतंय कोण! जावयाला खुर्ची द्यायची, चहा आणायचा आणि गप बाजूला व्हायचं, एवढाच सख्ख्या मुलाचा मान.

खरं तर विमान उडवायचा खेळ कॉम्प्युटरवर आणला मी. गुडघे गेल्यापासून बाबा निजामपुऱ्यातल्या घराबाहेर पडत नव्हते आणि आई गेल्यापासून धड बोलतही नव्हते. अकलोलीकडचा आपला मुलूख त्यांना वरून तरी दाखवावा, म्हणून चांगलं चार इंजिनांचं विमान निवडलं. बापाला फिरवायचं तर थाटात! पण आमचा कॉम्प्युटर गोदामाच्या ऑफिसातून निघालेला. चित्र थांबायचं, मध्येच उडी मारायचं, पुन्हा थांबायचं. "रमेश, मना गरगरतंय रे," म्हणत बाबा उठून गेले.

रविवारी भाओजी गणेशपुरीहून आले. कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून म्हणाले, "दम लागलाय याला. आधी मशीनला विचारायचं, मंग आपल्या हौसेला." आणि शोधलं काय, तर एका पंख्याचं, दोन माणसांचं चिमुकलं विमान! त्यात वैमानिकासमोर टीव्हीसारखे रंगीत पडदे नाहीत, साधी काट्यांची घड्याळं. "ते पडदे रंगवता रंगवताच मशीन मरतं," म्हणाले. ढग कमी केले, आकाशातली बाकीची विमानं बंद केली. वर मला विचारतात, "पंख डोक्यावर हायेत, बघितलंस? खाली असते तर बाबांना जमीन कशी दिसली असती?"

लोण्यासारखं चाललं हो ते विमान. "जावई, जरा खाली घ्या! तानसा हाय ती, आपली तानसा!" बाबा लहान पोरासारखे हसत होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. आनंद झाला म्हणू? झाला. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे हसू माझ्या हातून यायला हवं होतं. मग दर रविवारी तेच. भाओजी उडवायचे, बाबा वाट दाखवायचे आणि मी बशीत बिस्किटं मांडायचो.

गेल्या वर्षी भाओजी हृदयविकारानं अचानक गेले. ताईकडचं सगळं आटोपल्यावर एका दुपारी मी बाबांना शेजारी बसवलं आणि तेच विमान काढलं. कुठे अडकलं नाही. नदीवर खाली घेतलं, अगदी भाओजी घ्यायचे तसं.

बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "उतरव."

"का? गरगरतंय?"

"न्हाय रे. ते जावयांचं हाय. तू दुसरं घे."

तेव्हापासून दुसरं शोधतोय. आमच्या कॉम्प्युटरला झेपेल असं, एका पंख्याचं, डोक्यावर पंख असलेलं. सापडतात, चालतातही छान. बाबा प्रत्येक वेळी माझ्या शेजारी येऊन बसतात, थोडा वेळ खाली बघतात आणि नाही म्हणून मान हलवतात. आता बाबा माझ्या एकट्याचे आहेत, आणि तरीही मी भाओजींवर जळतो.