उलटतपासणीतली पालखी

दादाच्या अपघात-भरपाईच्या दाव्याचा निकाल लागला तेव्हा दादाला जाऊन चार महिने झाले होते. हृदयविकाराने गेला, अपघाताशी त्याचा संबंध नव्हता, आणि तसं कागदावर आहे. वारस म्हणून निकालाची प्रत मला मिळाली. मी रत्नागिरीत वाचनालयात काम करतो, सावकाश वाचायची सवय आहे. अकराव्या पानावर पालखी होती.

टेम्पोने दादाच्या स्कूटरला ठोकरलं आणि त्याचा डावा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. तो लोकांच्या बागांतले हापूस उतरवायचा. घळ, म्हणजे टोकाला जाळी असलेली लांब काठी, दोन्ही हातांनी पेलावी लागते. टेम्पोच्या विमा कंपनीचं म्हणणं, हात बरा आहे. आमच्याकडे डॉक्टरांचा दाखला होता, त्यांच्याकडे व्हिडिओ.

तो मीच काढलेला. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आली. घरातल्या मोठ्याने खांदा द्यायचा, म्हणून दादा दांड्याखाली शिरला आणि नाचला. मुंबईकरांना दिसावं म्हणून मी ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कंपनीच्या वकिलांकडे कसं गेलं, कळलं नाही. नंतरचे आठ दिवस दादा अंथरुणात होता. सदऱ्याची बाही मी चढवायचो. ते व्हिडिओत नव्हतं.

"विचारतील," आमच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या. "खरं तेच सांगा. दुखलं, आठ दिवस पडून होतो."

"बघू," दादा म्हणाला.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी मोबाइल पुढे धरला. "हे तुम्हीच ना?"

"होय."

"डाव्या खांद्यावर काय आहे?"

"देवी."

"वजन किती असेल?"

"देवीला तराजूत कोण घालतो, साहेब?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकीलही हसले. "बरं. नंतर त्रास झाला?"

"पालखीचा त्रास होत नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. दादाने तेच उत्तर दिलं. ते लिहून घेतलं गेलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "शपथ घेऊन खोटं बोललास."

"देवाची शपथ घेतली ना? मग देवीचीच कागाळी करू?"

त्यावर आम्ही चहा प्यायलो. पुन्हा तो विषय निघाला नाही.

निकालात लिहिलं होतं, अर्जदाराने स्वतःच त्रास नसल्याचं सांगितलं आहे. सबब अपंगत्व दाखल्यापेक्षा बरंच कमी धरण्यात येतं. वकीलबाईंचं मत अपील करावं असं होतं. "त्या आठ दिवसांचं प्रतिज्ञापत्र तुम्ही द्या. तुम्ही पाहिलंय." त्यांनी मसुदा पाठवला. तो अचूक होता. सहीपुरती जागा सोडलेली होती.

मुदत संपायच्या आत शिमगा आला. पालखी खळ्यात आली. घरातला मोठा आता मी.

"या, वाचनालयवाले," पालखीचा भोई म्हणाला. "पुस्तकाएवढी हलकी नाय हां ही!"

दांडा डाव्या खांद्यावर आला तेव्हा मानेपासून कोपरापर्यंत कळ गेली. माझा खांदा धड आहे, तरी दोन फेऱ्यांत हात बधिर झाला. दादाने पाच घातल्या होत्या.

"लागला काय?" खाली उतरवताना भोयाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. विचार करायच्या आधीच ते तोंडातून गेलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन करून अपील नको म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं. पालखीचा त्रास होत नाही, एवढंच मी म्हणालो. उजव्या हाताने फोन धरला होता, डावा अजून वर जात नव्हता.