ज्वारीची बिअर आणि मायचे हात

पुण्यात एका पबमध्ये मी बिअर बनवायचो. तिथं शिकलो ती सगळी नक्कल. मालक परदेशातून एखादी बाटली घेऊन यायचा, आम्हा दोघांसमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "हुबेहूब अशीच पाहिजे." दोघं म्हणजे मी आणि माझा वरिष्ठ. तो पुण्याचाच, पण मी त्याला आमच्या सवयीनं भाऊ म्हणायचो. आम्ही ती बिअर चाखायचो, इंटरनेटवर तिची कृती शोधायचो, धान्य बदलून, कडवटपणासाठी घालतात ती हॉप्सची फुलं कमीजास्त करून तिच्या जवळपास पोचायचो. यात चोरी आहे असं कधी वाटलं नाही, कारण पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असायचं, ही जर्मन पद्धतीची, ही बेल्जियन पद्धतीची. ज्याचं त्याला देऊन आम्ही नक्कल करायचो.

लॉकडाऊनमध्ये पब बंद पडला आणि मी वाशिम जिल्ह्यात, इंझोरीला घरी आलो. आल्याआल्या तापानं पडलो. मायनं परसातल्या निंबावर चढलेली गुळवेल तोडून रोज काढा पाजला. चवीचं काही कळत नव्हतं, फक्त तो कडवटपणा जिभेच्या मुळाशी बराच वेळ बसून राहायचा. हॉप्स असेच बसतात. अंथरुणावर पडल्यापडल्या माझ्या डोक्यात आलं की हॉप्स आपल्याकडे उगवत नाहीत, पण गुळवेल आहे, संत्र्याची साल आहे, ज्वारी तर घरचीच आहे. अशी बिअर मी कुठं वाचली नव्हती की चाखली नव्हती.

बरा झालो आणि कामाला लागलो. पहिली बिअर नासली. दुसरीला काढ्याचाच वास आला. नंतरच्या कितीतरी मी मागच्या नालीत ओतून दिल्या. गुळवेल जरा जास्त उकळली की सगळं औषध व्हायचं, कमी उकळली की नुसतं ज्वारीचं आंबूस पाणी. बिअरसाठी धान्याला आधी मोड आणावे लागतात, ते तर मला जमतच नव्हतं, ज्वारीला बुरशी यायची. शेवटी माय वैतागली.

"दाणा काहून नासवून राह्यला? दे इकडं."

आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही. मायला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. ती त्याला 'तुहं ते पाणी' म्हणायची. पण पोरगं रिकामं बसून घुसमटण्यापेक्षा हे बरं, असं तिनं मनाशी ठरवलं असावं. ओल्या पोत्यावर ज्वारी पसरायची, हातानं खालीवर करायची, उन्हात वाळवायची, मोड चोळून काढायचे, हे सगळं तिनं केलं. एकदाही चाखून पाहिलं नाही. मग एक दिवस ती बिअर जमली. आधी संत्र्याचा वास, मग भाजल्या ज्वारीची चव आणि अगदी शेवटी गुळवेल. मी एकटाच ओसरीवर बसून प्यायलो आणि एकटाच हसलो.

आनंद पोटात मावेना म्हणून भाऊला फोन केला. लॉकडाऊन सैल होताच तो गाडी घेऊन आला. पहिला घोट घेतला, ग्लास रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. आमच्या धंद्यात ही सगळ्यात मोठी पावती. मग त्यानं विचारत जावं आणि मी सांगत जावं, असं झालं. गुळवेल कधी टाकतोस, साल ओली की वाळलेली, मी सगळं सांगितलं. मायनं त्याला ठेचा-भाकर वाढली आणि ज्वारी कशी मोडवायची ते करून दाखवलं.

"काकू, एक फोटो काढू का? आठवण म्हणून."

"काढ नं बाप्पा," माय म्हणाली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

पुढे भाऊनं नव्या पबमध्ये काम धरलं. मलाही तिथं लावून देतो म्हणाला होता, पण त्याचे फोन कमी होत गेले. मीही मंगरूळपीरला एका डाळमिलमध्ये लागलो. आणि एक दिवस पुण्यात शिकणाऱ्या आमच्या गावच्या एका पोरानं कुणाच्या तरी मोबाइलवर एक फोटो पाठवला. तो गावभर फिरून माझ्याकडे आला. भाऊच्या नव्या पबची भिंत होती आणि तिच्यावर माणसाएवढी माझी माय, ज्वारीवर वाकलेली. खाली लिहिलं होतं, वाशिमच्या शेतकऱ्यांचं पिढ्यानपिढ्यांचं पेय, आजीच्या हातची मूळ कृती.

मायला हे बचत गटाच्या बैठकीत कळलं. एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या हातची दारू पुण्यात लय चालते म्हणे." माय तिथून उठून आली. मला म्हणाली, "त्याले सांग, फोटू काढ म्हणा."

मी फोनवर न सांगता पुण्याला गेलो. भाऊनं मिठी मारली, ग्लास भरून समोर ठेवला. मी प्यायलो. वाईट असती तर बरं झालं असतं. ती माझ्या बिअरपेक्षा स्वच्छ होती, चांगल्या यंत्रांत बनलेली. गुळवेल बरोबर जिथं यायला हवी तिथंच येत होती.

"हे माझं आहे, भाऊ," मी म्हणालो.

"तुझं काय आहे यात?" तो शांतपणे म्हणाला. "गुळवेल तुझ्या आईची, ज्वारी गावाची, यीस्ट कंपनीचं. आपण जन्मभर दुसऱ्यांच्याच बिअर बनवल्या ना?"

"त्यांचं नाव लिहून बनवल्या."

"मग मीही लिहिलंय की. वाशिम लिहिलंय."

नालीत ओतलेल्या त्या बिअर माझ्या होत्या, हे परतीच्या एसटीत सुचलं. जे मी नवीन केलं होतं त्याला त्यानं जुनं करून टाकलं होतं, आणि जुन्याला मालक नसतो. तक्रार तरी कुठं करणार? परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हाच गुन्हा. पबमधून निघताना फोटोचं तेवढं बोललो होतो. त्यानं लगेच मान्य केलं. पुढच्या आठवड्यात त्यानं नवीन फोटो पाठवला. मायचा चेहरा कापला होता. ज्वारी चाळणारे हात तेवढे ठेवले होते, मनगटावरच्या गोंदणासकट.

"काढला का?" मायनं विचारलं.

"चेहरा काढला."

"अन् हात?"

मी मोबाइल खिशात टाकला. तिनं तो मागितला नाही. "मंग काढलं काय त्यानं?" एवढंच म्हणाली आणि वाळलेले कपडे आणायला गेली.

ती रागावली ती त्याच्यावर की माझ्यावर, हे मी अजून विचारलेलं नाही. दारातून माणूस मीच आत आणला होता. बिअर मी त्यानंतर केली नाही. त्या पबमध्ये ती अजून मिळते, आणि तिथून आलेले लोक मला सांगतात की तुमच्या भागातलं ते जुनं पेय फारच छान आहे.